हात लावू नको, मावशी

गुजरातमधल्या सचिन गावच्या एका मिलमध्ये मंगलाबाईच्या उजव्या तळहाताखालून एकोणीस वर्षं कापड गेलं. फोल्डिंग खात्यात लांबलचक टेबल असे. पलीकडून एक बाई ताका, म्हणजे कापडाचा तागा, ओढायची आणि अलीकडून मंगलाबाई कापडावर हात फिरवायची. बाकीच्या बाया डोळे फाडून बघत. ही समोरचीशी गप्पा मारत असे आणि मध्येच म्हणे, "थांब गं, मागे घे." ताका मागे यायचा आणि तिथे गाठ असायची. केसाएवढी. सुपरवायझरला ती चष्मा लावून शोधावी लागायची.

मिल सुटून तीन वर्षं झाली. आता ती नवागामच्या खोलीत बसून साड्यांचे लोंबते धागे कापते. हात तोच आहे, त्याला विचारणारं कोणी राहिलेलं नाही.

नवरा हिलाल. पस्तीस वर्षं लूमवर काढली आणि लूमच्या खडखडाटात कान घालवून बसला. त्याच्याशी बोलायचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून दोघांचा संसार खांद्याला हात लावून आणि भुवया उडवून चालतो. मुलगा गोपाल कापड मार्केटात कॉम्प्युटरवर बिलं बनवतो. शेठशी गुजराती, मित्रांशी हिंदी, आणि आईबापांनी चारचौघांत अहिराणी काढली की हा खिशातला मोबाइल काढून बघायला लागतो. धाकटी चंचल नंदुरबारला दिलेली. पहिलटकरीण.

सगळा जीव अडकला होता तो चंचलमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात वाद नव्हता. पण विहीणबाईंनी फोनवर ठणकावलं, "पॅसेंजरच्या गर्दीत आमची सून चढणार नाही. गाडी आणा. आणि सोमवारी तिला आठवा लागतो. आठव्यात आमच्यात सून उंबरा ओलांडत नाही. रविवारी आलात तर ठीक, नाहीतर राहू द्या, आम्ही करू तिचं."

'आम्ही करू' हे तीन दिवस मंगलाबाईला सलत होतं. करतीलही. पण पोरीला कळा सुरू झाल्यावर तिच्या कमरेवर हात कोणाचा असेल?

भाड्याची गाडी शोधली. मिळेना. रविवारी लग्नाची दाट तिथी. नवागाम-डिंडोलीतली एकूणएक गाडी वऱ्हाड घेऊन खानदेशात निघालेली. शेवटी गोपालच पेटला. "नाहीतरी घ्यायचीच होती. आपलीच गाडी नेऊ. बघू दे त्यांना."

भेस्तानच्या रस्त्याला दीपकचा जुन्या गाड्यांचा वाडगा, म्हणजे विक्रीचं आवार, आहे. वरती पत्रे, खाली ओळीने उभ्या चकचकीत गाड्या. दीपक शिंदखेड्याकडचा. गुरुवारी संध्याकाळी हे तिघं गेले तेव्हा त्याने चहा मागवला आणि थेट अहिराणीतच सुरू झाला. पांढरी गाडी होती, आरशासारखी. "एका मॅडमची होती. पोरांना शाळेत सोडायची आणि आणायची, बस. एक बी डाग नही. आपला माणूसले मी फसाडसू का?"

एरवी अहिराणी ऐकून मान फिरवणारा गोपाल तिथे विरघळला. आपला माणूस! आपला माणूस म्हटल्यावर कागद वाचायची आपल्या लोकांना लाज वाटते. सही करायला सांगितली तिथे त्याने सही केली. हिलालला बोलणं ऐकू येत नव्हतं, तो चहाचा कप धरून हसतमुख बसला होता. मंगलाबाईचा हात सवयीने दरवाजाकडे गेला.

"हात नको लावू मावशी, पॉलिश ताजी शे."

तिने हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला. एखाद्या चोरासारखा. आपल्या बायांना मोठ्या दुकानात हे इतक्यांदा ऐकवलेलं असतं, की त्या हात तर मागे घेतातच, वर स्वतःलाच ओशाळतात.

शुक्रवारी सकाळी गाडीची पूजा. गल्लीत पेढे वाटून झाले होते. पूजेआधी पुसून घ्यावी म्हणून मंगलाबाईने बादली आणि जुना गंजीफ्रॉक घेतला. आता गाडी तिची होती, हात लावायला कोणाची ना नव्हती. बॉनेट झालं, उजवी बाजू झाली. डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजावर तिचा तळहात आपोआप थांबला.

फडकं बाजूला ठेवून तिने कोरडा हात पुन्हा फिरवला. डोळ्याला काहीच नव्हतं, पण हाताला लाट लागत होती. दरवाजाच्या मधोमध पत्रा जाड, कडेला पातळ. दोन्ही दरवाजांच्या मधल्या खांबावर तर रंगाखाली खरखरीत शिवण. फाटलेलं कापड रफू करून वरून इस्त्री मारावी तसं.

"माय, झालं का? नारळ आणलाय!" गोपाल ओरडला. नवा शर्ट घालून आला होता. सहा महिन्यांत तिने त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

तिने दरवाजावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्याच जागेवर. आणि काही बोलली नाही.

दुपार झाली. वरण खारट झालं. हिलालने तिच्याकडे बघून भुवया उडवल्या, काय झालं? तिने मान हलवली, काही नाही. त्याने पुन्हा उडवल्या. इतकी वर्षं चेहरे वाचून जगलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार?

मग चंचलचा व्हिडिओ कॉल आला. गोपालने मोबाइल फिरवून गाडी चारही बाजूंनी दाखवली.

"दादा, खरंच आपली? आईंना दाखवते थांब! माय, मी मागे डाव्या खिडकीला बसणार हां. मला आता मळमळतं, वारा लागतो. आणि नवापूरचे डोंगर बघत येईन."

मागे डाव्या खिडकीला.

कॉल बंद झाला. मंगलाबाई उठली, गोपालचं मनगट धरलं आणि त्याला गाडीपाशी नेलं. "डोळे मीट. हात फिरव. हळू."

"माय, काय नाटक आहे?"

"आठे, या इथे, काहीतरी शे, बेटा. दरवाजा ठोकलेला आहे. हा खांब जोडलेला आहे."

"तुला काय कळतं गाडीतलं?" गोपाल उसळला. "धागे कापता कापता आता इंजिनीयर झाली का? काल सांगायचं होतं!"

"काल हात कुठे लावू दिला?"

त्याचा राग उतरला नाही. तसाच तणतणत, मायला शेजारी बसवून, गाडी कोपऱ्यावरच्या गणपत डेंटरकडे घेऊन गेला. गणपतने आधी चेष्टा केली, "वा, पेढ्यांनंतर लगेच माझ्याकडे?" मग त्याने दरवाजाची रबराची पट्टी उपसली, बॅटरी मारली आणि त्याची शीळ बंद पडली.

"कोणी सांगितलं तुला?"

"मायने."

"कशावरून?"

"हात फिरवून."

गणपतने मंगलाबाईकडे जरा वेगळंच पाहिलं. "मावशी, मला यासाठी मशीन लागतं. गोपाल, गाडीला डावीकडून कोणीतरी जबर ठोकलंय. खांब कापून दुसऱ्या गाडीचा जोडलाय, दरवाजात बोटभर लांबी भरलीय." डेंटर लोक पत्र्याचा खड्डा बुजवायला जो लेप भरतात, त्याला लांबी म्हणतात. त्याने मागच्या सीटचा पट्टा हिसकला. पट्टा अडकायला हवा होता. तो दोरीसारखा सरसर बाहेर आला. "आणि हा नुसता शोभेचा. या सीटवर कोणाला बसवू नका."

गोपाल गणपतच्या दुकानासमोर टायरवर बसला. मंगलाबाईला वाटलं होतं की तो ओरडेल. त्याने नव्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "माय, मी तिला तिथेच बसवणार होतो."

ती त्याच्या शेजारच्या टायरवर बसली. "बसवली नाहीस ना? मग झालं तर." आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिथली गाठ तिला माहीत होती.

शनिवारी सकाळी तिघं वाडग्यावर पोचले. दीपक एका कुटुंबाला लाल गाडी दाखवत होता. यांना बघून त्याचं हसू जरा आखडलं. गोपालने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. दीपकने खांदे उडवले आणि या वेळी हिंदीत बोलला. "भाई, जुनी गाडी आहे. जशी आहे तशी. कागदावर लिहिलंय, तुझी सही आहे."

"तू म्हणालास एक डाग नाही."

"बोलण्यात माणूस काहीपण बोलतो, यार."

गोपालचा हात त्याच्या कॉलरकडे निघाला होता. मंगलाबाईने तो मध्येच धरला आणि खाली केला. मग ती काहीएक न बोलता पहिल्या ओळीतल्या पहिल्या गाडीपाशी गेली. पदर खोचला. उजवा तळहात बॉनेटवर ठेवला.

"मावशी, हात नको..."

"हिचं नाक ठोकलेलं आहे," मंगलाबाई म्हणाली. हिलालसाठी मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे आवाज पत्र्यांपर्यंत गेला. दुसरी गाडी. "हिचं मागचं झाकण भरलेलं." तिसरी. तिसरीला हात फिरवून ती म्हणाली, "ही चांगली आहे." चौथीचे दोन्ही दरवाजे भरलेले निघाले. मग ती लाल गाडीकडे वळली. ते कुटुंब आपोआप मागे सरकलं. त्यातल्या बाईने विचारलं, "मौसी, ये?"

मंगलाबाईने छपरावरून, खांबावरून, चाकावरच्या पत्र्यावरून हात नेला. दीपकच्या कपाळावर घाम.

"ही बरी शे," ती म्हणाली. "पण या दुकानवाल्या पोराला विचारून घ्या. लिहून घ्या."

दीपक तिच्याजवळ आला, आवाज खाली करून पुन्हा अहिराणीवर आला. "मावशी, बस कर ना. माझं दुकान आहे. तू सांग, काय पाहिजे?"

तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "तू गुजरातीत खोटं बोलला असतास तर मी म्हटलं असतं, बाजार आहे. हिंदीत बोलला असतास तरी चाललं असतं. तू माझ्या मायच्या बोलीत खोटं बोललास. माझी आंडेर पोटुशी आहे रे. त्या दरवाजाला टेकून ती शंभर मैल येणार होती."

आंडेर म्हणजे लेक. हा शब्द ऐकून दीपकने खाली बघितलं. लाजला की घाबरला, कोणास ठाऊक. लाल गाडीवाल्या बाईने मोबाइल बाहेर काढला होता, हेही खरं आहे.

"दुसरी घ्या," तो म्हणाला. "कोणतीही. बदलून देतो."

मग जे झालं ते बघायला बाहेरचा पानवालासुद्धा आत आला. मंगलाबाई गाडीवर हात फिरवायची आणि बरी वाटली की हिलालच्या खांद्याला हात लावायची. हिलाल चपला काढून आत बसायचा, गोपालला चालू कर म्हणून खुणवायचा आणि अनवाणी तळवे गाडीच्या तळाशी टेकवून डोळे मिटायचा. पस्तीस वर्षं त्याने लूमची नाडी अशीच बघितली होती, कानाने नाही, पायाने. एकीला त्याने नाक मुरडलं. दुसरीत तर अर्ध्या मिनिटात उतरला आणि चपला घालू लागला.

शेवटी अगदी मागे, भिंतीला लागून उभी असलेली एक राखाडी गाडी. पांढरीपेक्षा चार वर्षं जुनी. मागच्या बाजूला वाटीएवढा पोचा, एका दरवाजावर लांब ओरखडा. मंगलाबाईने सगळीकडून हात फिरवला, दोनदा. हिलाल आत बसला, तळवे टेकवले. बराच वेळ त्याने डोळे उघडलेच नाहीत, गोपालला वाटलं की झोपला. मग तो मोठ्याने म्हणाला, "चालस. हाई चालस."

"पण हिला पोचा आहे," गोपाल कुरकुरला.

"दिसतोय ना? मग काय हरकत आहे?" मंगलाबाई म्हणाली.

पुढे मागे बसून चारही पट्टे तिने स्वतः हिसकून बघितले. खट्‌, खट्‌, खट्‌, खट्‌. मग दीपकला कागद काढायला लावला. ती सांगत गेली आणि गोपाल मराठीत लिहीत गेला: मागे उजवीकडे पोचा एक, डाव्या दरवाजावर ओरखडा एक, पुढची काच बदललेली, बाकी पत्रा मूळचा. खाली दीपकची सही. आणि पांढरी गाडी? तिच्या दरवाजावरचं कुंकू मंगलाबाईने ओल्या फडक्याने पुसून टाकलं. देवाला त्या शिवणीचा साक्षीदार ठेवणं तिला बरं वाटेना.

रविवारी सकाळी दहाला राखाडी गाडी नंदुरबारला दारात उभी राहिली. विहीणबाईंनी ओट्यावरूनच तिला नजरेने मोजलं. व्हिडिओवर पांढरी बघितली होती. "अगं बाई! परवाची कुठे गेली? आणि हिला तर पोचा आहे."

"हो," गोपाल म्हणाला. शेजारीपाजारी जमले होते, तरी तो अहिराणीतच बोलला. "मायने बघून घेतली आहे."

ओटी भरून चंचल बाहेर आली. गोल झालेली, पाय सुजलेले, एका हाताने कंबर धरलेली. मागे डाव्या खिडकीला बसली. मंगलाबाईने तिचा पट्टा पोटाखालून नीट नेला, अडकवला, एकदा हिसकून बघितला.

"माय, किती वेळा बघशील?"

"गप बस."

नवापूरच्या आधीच चंचलला झोप लागली. डोकं काचेला टेकलं. डोंगर आले आणि गेले, तिने एकही बघितला नाही. पुढे हिलाल चपला काढून बसला होता आणि दर थोड्या वेळाने मागे वळून मान डोलावत होता. मंगलाबाई मधल्या जागेत, लेकीकडे वळून. तिचा उजवा हात लेकीच्या मांडीवरून पलीकडे, दरवाजाच्या पत्र्यावर टेकलेला होता. सोनगडला गोपालने चहाला थांबायचं का विचारलं, तर ती म्हणाली, "राहू दे. झोपलीये. हळू चालव."