चिकटवलेले पंख

आमच्या अकोल्याच्या कृषी कॉलेजात कीटकांच्या खोलीवर एक शिपाई काका हायेत. मेलेल्या किड्यालेही ते 'बाई' नाहीतर 'बुवा' म्हणतात. "हळू रे बाप्पा, बुवाचा पाय मोडन!" मी होस्टेलात त्यायची नक्कल करतो, पोट्टे हासून हासून लोळतात.

मार्कासाठी गोळा केलेल्या कीटकांची पेटी जमा करायच्या दिवशी पाह्यलं, तर माह्या पेटीतल्या एका किड्याले पंखच नव्हते. तेल्हाऱ्याच्या आमच्या वावरात सापडलेला, मुंगीसारखा, लाल मखमली. मले वाटलं पंख गळले, आता मार्क कटतीन. मंग मी घरमाशीचे दोन पंख डिंकानं चिकटवून देले.

काकांनी पेटी पाह्यली.

"हे काय केलं बे? हे गांधीलमाशीच्या जातीतली बाई हाय. हिच्या नवऱ्याले पंख असतात, हिले जन्मापासून नसतात. हिचं समदं काम जमिनीवर. तुले ते अधुरी काहून वाटली?"

ओल्या ब्रशनं त्यायनं पंख हळूच काढले. पण पाठीवर डिंकाचा ठिपका राह्यला. तपासताना सरांनी तो भिंगातून पाह्यला.

"हा डिंक कोणी लावला?"

मी काकांच्या मागं सरकलो.

"माह्या हातून सांडला, सर," काका बोलले.

सरांनी त्यायले सगळ्यायसमोर झापलं, ते मान खाली घालून "हौ सर, हौ सर" करत राह्यले. माही पेटी पास झाली.

सर गेल्यावर मी माफी मागाले गेलो, तर काकांनी पेन माह्या हाती देला.

"माफी राहू दे. तिच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर लिव. मादी, अंगानं पूर्ण."