नख अडलेली कडी

बायकोला गाडी मागे कशी घ्यावी हे शिकवता शिकवता मीच ती देवळी गावाजवळच्या नाल्यात उतरवली. क्रेन बोलावली. चालवणारा साठीकडे झुकलेला, गळ्यात दुपट्टा. आल्या आल्या त्यानं साखळी रस्त्यावर पसरली आणि उकिडवा बसून एकेक कडी पुसू लागला. पुसायची, उलटी करायची, आतून नख फिरवायचं.

"काका, गाडी उचलायची आहे, साखळीचं लग्न नाही लावायचं," मी म्हणालो.

मान वर न करता तो हसला. मग एका कडीत त्याचं नख अडलं. "चीर आहे भाऊ. हिच्यानं मी नाई उचलत."

त्यानं मालकाला फोन लावला. पलीकडचा आरडाओरडा आम्हालाही ऐकू आला. "एवढी भीती वाटते तर उद्यापासून येऊ नको!" "बरं," म्हणून त्यानं किल्ली क्रेनमध्येच ठेवली आणि जेवणाचा डबा उचलला.

"एवढ्याशा चिरेपायी नोकरी घालवता, काका?"

"तुटली तं खाली कोण उभा आहे, हे साखळी थोडीच पाह्यते?" एवढंच बोलून त्यानं एसटीला हात केला.

तासाभरानं दुसरा चालक आला. तीच साखळी त्यानं न बघता अडकवली आणि गाडी अलगद वर काढली. साखळी कुरकुरलीसुद्धा नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

घरी पोचल्यावर बायको गाडीतून उतरली. फाटक उघडताना म्हणाली, "गाडी त्याच साखळीनं निघाली, हे त्या काकाले कधी कळू नये बाप्पा."