सोपा फॉर्म

"भाऊ, धावाची परीक्षा इथीच होते ना?"

दारात एक पोरगी उभी होती. पायात नवे कॅनव्हासचे बूट, छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळ्या मार्कशिटा. आलापल्लीच्या पलीकडच्या गावाहून निघून, दोन एसट्या बदलून ती गोंडपिपरीला आली होती. मी म्हटलं, इथे कसली परीक्षा? हा वनरक्षक भरतीच्या तयारीचा खासगी क्लास आहे. तिने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला आकडा माझ्यापुढे धरला.

"मंग हा नंबर कायचा जी?"

नंबर माझ्याच वेबसाइटने दिलेला होता.

हे कसं झालं ते सांगताना आजही कानशिलं तापतात. क्लास मी आणि बायको चालवतो. मी मैदानावर पळवतो, ती गणित शिकवते. त्या भरतीच्या वेळी मी ऑनलाइन जाहिरात दिली. कुणी मोबाइलवर भरती शोधली की सगळ्यात वर आमची जाहिरात यायची, आणि तिच्यावर बोट पडलं की माझ्या खात्यातून पैसे कटायचे, मग तो माणूस आमचा क्लासच्या चौकशीचा फॉर्म भरो न भरो. शंभर जणांनी बोट लावलं तर त्यातले किती फॉर्म भरतात, त्याला म्हणतात कन्व्हर्जन रेट. आठवडी बाजारात भाव विचारणारे शंभर आणि पिशवीत टाकणारे किती, तोच प्रकार. माझ्याकडे शंभरात दोन-तीन टाकायचे. मी रोज चिडायचो. फुकटे लेकाचे, नुसती बोटं लावतात!

मग व्हिडिओ बघून बघून मी शहाणा झालो. फॉर्म सोपा करा, सगळ्यात वर आणा, माणसाला त्याचं उद्याचं चित्र दाखवा. मी खाकी वर्दीतल्या पोरीचा फोटो टाकला. उंची, बारावीचे टक्के, जात प्रमाणपत्र असे रकाने केले. क्लासचं नाव-पत्ता नेऊन टाकला पार तळाला. शेवटचं बटण दाबलं की नोंदणी क्रमांक यायचा. बायको म्हणाली, "अहो, हे तं सरकारीच वाटून राह्यलं." मी म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतं.

आणि रेट उसळला. शंभरात तीस! मी पेढे वाटले. प्रवेश घ्यायला मात्र कुत्रं फिरकेना. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं बायको चिडवायची. त्यात अकरा फॉर्मांवर एकच मोबाइल नंबर, तोही सदा रेंजच्या बाहेर. कुणीतरी मुद्दाम खोड्या काढतंय असं ठरवून मी त्या नंबराला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

तो नंबर या पोरीच्या गावचा निघाला. गावात रेंज नाही. रेंज येते टेकडीवर, एका मोहाच्या झाडाखाली. नेट चालणारा मोबाइल एकच, तो घेऊन ज्याला काम असेल त्याने वर चढायचं.

"आमी अकराजणी चढलो भाऊ. पयलं जे उघडलं तेच भरलं. नंबर आला, मंग खाली उतरलो. फोन काई आला नाई, मनून खाली लिवलेल्या पत्त्यावर मी पुसाले आली."

"आणि खरा फॉर्म? सरकारचा?"

तिने पुठ्ठ्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हाच तं होता ना?"

खऱ्या अर्जाची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती.

मी खुर्चीत बसलो तो बसलोच. फसवणारी माणसं वेगळी असतात, असं तोवर मला वाटत होतं. बायकोने तेवढ्यात पोरीला कॉम्प्युटरसमोर बसवून तिचा अर्ज भरायला घेतला होता. "अहो, बसून काऊन राह्यले? बाकीच्या दहाजणींचं पाहा!"

पोरगी म्हणाली, रोज चारच्या सुमारास कुणीतरी मोबाइल घेऊन टेकडी चढतं, गावाचे निरोप बघायला. तोवर काही करता येणार नव्हतं. मी यादीतल्या इतरांना एकेक फोन लावत सुटलो. काहींनी खरा अर्जही भरला होता. काही म्हणाले, "भरला ना भाऊ, तुमच्याच इथी." मी प्रत्येकाला तेच सांगत राहिलो. तो अर्ज नव्हता, आत्ताच्या आत्ता खरा भरा.

सव्वाचारला त्या नंबरावर घंटी गेली. पोरगी फोनमध्ये गोंडीत ओरडून बोलली. मला त्यातलं 'फॉर्म' तेवढं कळलं. मग टेकडीवरून कागदांचे फोटो येऊ लागले. प्रत्येक अर्जाला ओटीपी लागायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरी मोहाखालीच बसून होत्या. संध्याकाळपर्यंत आठजणींचे अर्ज गेले. उरलेल्या दोघी सख्ख्या बहिणी, माझा फॉर्म भरून निश्चिंत मनाने तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या. त्यांच्याकडे फोन नव्हता.

माझ्या स्क्रीनवर अकराच्या अकरा कन्व्हर्जनच होत्या. ते पान मी त्याच दिवशी काढून टाकलं.

बहिणी परतल्यावर मोठीने टेकडीवरून फोन केला. आवाज तुटत होता. "भाऊ, आमचा फॉर्म राह्यला मंते. आता पुढच्या येळी लहानी भरन. माझं वय यंदाच संपते."

मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. सगळी माझी."

"नाई जी, तुमची कायची?" ती घाईघाईने म्हणाली. "आमालेच समजलं नसन. तुमचा फॉर्म तं लय सोपा होता."