डावीकडे कन्हेर, उजवीकडे गवत

बागेत जेवढा पालापाचोळा साचत नाही, तेवढे किस्से साचतात. पाला निदान खड्ड्यात टाकता येतो, त्याचं खत होतं. किस्से कुठं टाकणार? रिटायर होऊन मी आता भद्रावतीला राहतो, पण आमच्यातलं कोणी घरी आलं की चहा यायच्या आधीच सुरू होतं, "भाऊ, ते गवताचं आठवते का?" आठवते का म्हणजे काय! तेवढंच तर आठवतं.

गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत मी बागेचा सुपरवायझर होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या हाताखाली सात माणसं: हेडमाळी नामदेवभाऊ, पार्बताबाई आणि त्यांच्यासोबतच्या पाच बाया. सगळे रोजंदारीवर. सुपरवायझर मी असलो तरी बाग त्यांची होती. हे मी तेव्हाही छाती फुगवून सांगायचो, आजही सांगतो.

*

नवे मॅनेजरसाहेब पुण्याहून आले आणि त्यांनी नागपूरहून एक गार्डन कन्सल्टंट बोलावला. गेटपासून गेस्टहाउसपर्यंतच्या रस्त्याला दोन्हीकडून काय लावायचं, यावर मीटिंग झाली.

नामदेवभाऊ म्हणाले, "कन्हेर लावा जी. बाराही महिने हिरवी राह्यते, भर उन्हाळ्यात फुलते, आन् धुळीले भीत नाई."

कन्सल्टंट हसला. "कण्हेर आता आउटडेटेड झाली. सगळीकडे ऑर्नामेंटल ग्रास चालतं. फाउंटन ग्रास! वाऱ्यावर डोलतं. गार्डनमध्ये मूव्हमेंट पाहिजे."

"मूव्हमेंट पायजे असन तं चार शेळ्या सोडा ना साहेब!"

आम्ही सगळे हसलो. मॅनेजरसाहेब हसले नाहीत. त्यांनी निकाल दिला: डावीकडे कन्हेर, उजवीकडे गवत. जानेवारीत मोठे डायरेक्टर येतील, त्यांना जे पसंत पडेल ते सगळ्या कॉलनीत. गवत पसंत पडलं तर बागेचं कॉन्ट्रॅक्ट कन्सल्टंटच्या एजन्सीला, आणि एजन्सी आपली माणसं आणणार. तसा प्रस्ताव हेड ऑफिसला गेलासुद्धा होता. तोवर दोन्ही बाजू आमच्याच सात जणांनी सांभाळायच्या.

म्हणजे गवत छान वाढवायचं आणि ते छान वाढलं की घरी जायचं!

*

गवताची पहिली गाडी आली ती गेटवरच अडली. सिक्युरिटीवाल्यानं ताडपत्री उचलून पाहिलं आणि मला फोन केला.

"भाऊ, गाडीत गवत हाय."

"हो, सोड आत."

"आत?" त्यानं पुन्हा विचारलं. "बाया रोज गवताचे भारे बाहेर नेऊन राह्यल्या, आन् तुम्ही पैसे देऊन आत आणून राह्यले?"

गाडी त्यानं सोडली, पण मॅनेजरसाहेबांना विचारूनच.

*

पार्बताबाईंचं माहेर सिंदेवाहीकडचं. जन्म धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात गेलेला. पावसाळा लागला तसं त्यांनी आणि बायांनी गवत लावायला घेतलं. सहाही जणी ओळीनं वाकल्या आणि गाणं म्हणत मागं मागं सरकत गेल्या. दुपारपर्यंत अख्खी बाजू लावून मोकळ्या! दोरी धरल्यासारखी ओळ. असा सुरेख रोवणा, अशी लावणी मी बांधीतसुद्धा पाहिली नव्हती.

कन्सल्टंट आला आणि त्यानं डोक्याला हात लावला. "अहो, हे काय शेत आहे? नॅचरल पाहिजे. रँडम!"

"रँडम म्हणजे कसं जी?" पार्बताबाईंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे कुठंही, कसंही."

पार्बताबाईंनी पदर खोचला. "कसंबी लावाचं काम आमाले जमत नाई. त्याले सांगा, त्यानंच लावावं."

शेवटी मीच विनवण्या केल्या, तेव्हा कुठं त्यांनी निम्मं उपटून वेडंवाकडं लावलं. लावताना सगळ्या जणी हसून हसून खाली बसत होत्या.

*

इकडे डावीकडची कन्हेर फुलायला लागली. फुलायला लागली, पण फूल काही दिसेना! सोमवारी तर एकही नाही. श्रावण लागला होता आणि कॉलनीतल्या सगळ्या बायका परड्या घेऊन पहाटेच येऊन जायच्या.

नामदेवभाऊंनी युक्ती काढली. मला पाटी लिहायला लावली: "सावधान! कन्हेर विषारी आहे." खोटं काहीच नव्हतं, कन्हेरीला जनावरसुद्धा तोंड लावत नाही.

पुढच्या सोमवारी तिसऱ्या लायनीतल्या काकूंनी पाटी चष्मा लावून नीट वाचली, परडी भरली आणि म्हणाल्या, "नामदेवभाऊ, महादेवानं हलाहल पचवलं. तुमच्या कन्हेरीचं काय घेऊन बसलात!"

नामदेवभाऊंनी पाटी काढून टाकली. मग त्यांनी रस्त्याच्या बाजूची फुलं सोडून मागच्या बाजूची तोडायची परवानगी दिली, आणि काकू लोकांनी ती पाळलीही.

*

पुढची चूक माझी. एक दिवस मला कामानं चंद्रपूरला जायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांचा राउंड होता. जाता जाता बायांना सांगितलं, "रस्त्याच्या कडेचं सगळं गवत काढून टाका."

संध्याकाळी परत आलो. डावीकडे कन्हेर. उजवीकडे सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ जमीन!

"पार्बताबाई, गवत कुठं आहे?"

"काढलं नं. तुम्हीच तं म्हटलं, सगळं गवत काढा."

"अहो, ते गवत नव्हतं!"

"मंग काय होतं?"

एखादं तरी रोप उरलंय का बघत मी त्या कडेनं धावत सुटलो. पार्बताबाई म्हणाल्या, "घाबरू नका जी. फेकलं नाई. मुळ्या ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या. तुम्हाले कधी कोणतं गवत लागन, काय भरवसा!"

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी त्यांनी सगळं परत लावलं. या वेळी मात्र सरळ ओळीत, आपल्या पद्धतीनं. चार दिवसांनी कन्सल्टंट आला, मान तिरकी करून पाहिलं आणि खूष झाला. "आता कसं नॅचरल वाटतंय!"

*

दसऱ्यानंतर एका बाजाराच्या दिवशी कुंपण तुटलं आणि गावातली गुरं आत शिरली. कन्हेरीच्या एका पानाला त्यांनी तोंड लावलं नाही. उजवीकडे मात्र नुसती खुंटं उरली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. मी नामदेवभाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, देव पावला. आता त्याला पाणी देऊ नका. वाळलं तर वाळू द्या. तुमची नोकरी वाचली."

नामदेवभाऊ तडकले. "माह्या हाताखालचं झाड मी मुद्दाम मरू देऊ?"

"तुमचं कुठलं? ते कन्सल्टंटचं आहे."

"आणलं त्यानं. वाढवून कोण राह्यलं?"

त्या दिवसापासून सातही जणांनी गवताला शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, कन्हेरीइतकंच जपलं. डिसेंबर संपेपर्यंत गवत कमरेला लागलं आणि त्याला तुरे आले. सकाळच्या उन्हात ते तुरे असे चमकायचे की सायकलवाले पाय टेकवून बघत उभे राहायचे. मीसुद्धा बघायचो, आणि जानेवारीला किती दिवस उरले ते मोजायचो. कारण त्या दिवसांत कन्हेरीपेक्षा गवतच देखणं दिसत होतं.

*

डायरेक्टरसाहेब आले. म्हातारा, सावकाश चालणारा माणूस. कन्हेरीजवळ थांबले, मान हलवली, पुढं गेले. गवताजवळ आले आणि तिथून हलेचनात. तुऱ्यांवरून हात फिरवत राहिले. मॅनेजरसाहेबांचा चेहरा खुलला. आमचे सातही जण एका बाजूला उभे होते. पार्बताबाई जमिनीकडे बघत होत्या.

कन्सल्टंटनं इंग्रजीत सुरुवात केली. टेक्स्चर, मूव्हमेंट, लो मेंटेनन्स!

डायरेक्टरसाहेबांनी मधेच विचारलं, "याला पाणी किती लागतं?"

"सर, व्हेरी लिटल."

"म्हणजे किती?"

कन्सल्टंटनं नामदेवभाऊंकडे पाहिलं. नामदेवभाऊंनी सांगितलं. पाणी किती, कधी, शेणखत किती, गुरांनी खाल्लं तेव्हा काय केलं, सगळं. एक अक्षर वाढवून नाही आणि एक लपवून नाही.

डायरेक्टरसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग दोन्ही बाजूंना हात करून म्हणाले, "मग आता तुम्हीच सांगा भाऊ. या दोन्हींत चांगलं कोणतं?"

मी मनात म्हणत होतो, कन्हेर म्हणा. नामदेवभाऊ, एकदा कन्हेर म्हणा!

नामदेवभाऊंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"साहेब, कन्हेर कोनाच्याबी हातानं जगते. गवताले आम्ही लागतो."

डायरेक्टरसाहेब हळूच मॅनेजरसाहेबांकडे वळले.

"यांनाच काढणार होता तुम्ही?"