टेनिसवाली धाकटी जाऊ

इस्लामपुरापासून कडेगावापर्यंत त्या काळी जेवढ्या सुना ऊस खुरपत होत्या, त्या सगळ्यांत चेंडू मारून पगार मिळवणारी सून एकच निघाली, आणि ती नेमकी आमच्याच घरात माझी धाकटी जाऊ होऊन आली. आज हे मी अभिमानाने लिहिते आहे. तेव्हा मात्र कपाळावर हात मारून घेतला होता. तिचे वडील साताऱ्याला साहेबलोकांच्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे साहेबांशी टेनिस खेळायला आणि त्यांच्या मडमांना शिकवायला ठेवलेला पगारी माणूस. त्यांना मुलगा नव्हता आणि सकाळच्या सरावाला जाळीपलीकडे कुणीतरी लागे, म्हणून त्यांनी हिलाच उभी केली. आमचे धाकटे भावजी पलटणीत. त्यांनी हिला तिथं खेळताना पाहिलं आणि लग्न करीन तर हिच्याशीच म्हणून हटून बसले. रुखवतात करंज्या-लाडवांच्या शेजारी एक रॅकेट मांडली होती. आमच्याकडच्या बायकांनी ती बराच वेळ निरखली आणि मासे धरायचं काहीतरी असावं, असं आपसांत ठरवून टाकलं.

भावजी महिन्याभरात लढाईवर गेले. घरात उरलो सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आम्ही दोघी जावा, आणि माझे मालक, ज्यांचं माणसांपेक्षा बैलांशी बोलणं जास्त. धाकटीने आठ दिवसांत घराभोवतालच्या सगळ्या भिंती पाहून घेतल्या आणि गुऱ्हाळाची मागची भिंत पसंत केली. तिच्यावर जाळीच्या उंचीची चुन्याची रेघ ओढली. सकाळच्या भाकऱ्या उरकल्या की नऊवारीचा काष्टा वर खोचून ती तिथं जायची, आणि मग तासभर टोक-टोक, टोक-टोक. हंगामाच्या आधीच भिंतीचा गिलावा खाली आला. आत्याबाई कडाडल्या, "त्या भितीनं तुजं काय खाल्लंय गं?" तर ही म्हणते, "आत्याबाई, भित लय गुणाची हाय. दिल्यालं सगळं माघारी देती." पहिली भाकरी ती उजव्या हाताने थापायची आणि दुसरी डाव्या. का, तर "आवं आक्का, एकाच हाताला काम दिलं की त्यो माजतो." माणसंही ती खेळाच्याच मापाने मोजायची. तलाठी दारात आला तर तो कशाला आला हे आम्ही बघायचो. ही बघायची त्याची पावलं. तो गेल्यावर म्हणाली, "डावीकडं लय सुस्त हाय. ह्येला मी धा मिनिटांत हरवीन." बिचाऱ्या तलाठ्याला याचा पत्ताही नव्हता.

पोटुशी राहिल्यावर तरी हिचं हे वेड सुटेल असं वाटलं होतं, पण सातव्या महिन्यापर्यंत ती भिंत वाजत होती. बाळंतिणीच्या उशाखाली दृष्ट लागू नये म्हणून विळा ठेवतात. पाचवीला सुईण तो चाचपायला गेली आणि तिच्या हाताला विळ्याशेजारी चेंडू लागला. ती किंचाळतच बाहेर आली. धाकटी शांतपणे म्हणाली, "इळा पोराला, चेंडू मला. दाबून हात घट ऱ्हातो." सव्वा महिना ती बाजेवर पडल्या पडल्या चेंडू दाबत होती. हे सगळं मी मोठ्या कौतुकाने सांगते आहे खरं, पण मला मूलबाळ नव्हतं, हेही इथंच सांगून टाकते. बाळाला न्हाऊ घालणं, शेक देणं, टाळू भरणं माझ्याकडे होतं, आणि ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नसे. ती भिंतीशी गेली की पोर माझं, एवढा साधा हिशेब होता. म्हणून त्या टोक-टोकवर मी पुढे पुढे कुरकुर करणं सोडून दिलं.

पोर चार महिन्यांचं झालं आणि तिच्या वडिलांच्या ओळखीने सांगलीहून निरोप आला. तिथल्या बायकांच्या क्लबाला शिकवणारी बाई हवी होती. आधी एक सामना खेळून दाखवायचा होता. आत्याबाई नाहीच म्हणाल्या असत्या, पण लढाईवरून भावजींचं पत्र आलं, 'तिला खेळू द्या.' लढाईवरच्या लेकाचा शब्द मोडायचा कसा? मग मी, ती आणि पोर सर्व्हिस मोटारीने सांगलीला गेलो. मैदानावर झाड नव्हतं. पंचांची उंच लाकडी खुर्ची होती. तिच्याच पायांना धाकटीने लुगड्याची झोळी बांधली. पंच म्हणजे एक निवृत्त मास्तर, मिशा ताठ. आधी त्यांनी डोळे वटारले. पण पोर कुरकुरलं की त्यांचा पाय आपसूक खाली यायचा आणि झोळीला झोका द्यायचा. पोर झोपल्यावर तर ते गुण कुजबुजत सांगायला लागले. समोर डॉक्टरांची बायको, पांढऱ्या पातळातली, चांगली खेळणारी. ती घामाघूम झाली. दोन डावांच्या मध्ये धाकटीने पदराआड पोराला पाजलं, तोंड धुतलं आणि दुसरा डावही घेतला. मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण चेंडूकडे धावताना तिचं तोंड असं उजळलेलं दिसत होतं की माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

नोकरी मिळाली. घरी आलो तर आत्याबाईंनी निकाल तयार ठेवला होता. "तू जा. पोर हितं ऱ्हाईल. परक्या गावात तू बॅट हाणणार, आन् त्याला बघणार कोन?" धाकटी खाली बसली. "मग मी न्हाई जात," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती भिंतीकडे फिरकली नाही. तिचे हात मांडीवर पडलेले मला बघवत नव्हते. लेकाचा शब्दही मोडवेना, म्हणून शेवटी आत्याबाईंनीच तोड काढली. बोंडल्यातून, म्हणजे चोचीच्या वाटीतून, गाईचं दूध प्यायलं तर पोर इथं. नाहीच प्यायलं तर आईबरोबर. धाकटीने ते कसंबसं कबूल केलं. त्यांच्या हातून पोराने दोनदा तोंड फिरवलं. जायच्या दिवशी दुपारी त्यांनी बोंडलं माझ्याकडे दिलं. "थोरले, तुजा त्याला लळा हाय. तुज्या हातनं घील. बघ."

मी पोराला घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसत हसत अख्खं बोंडलं घटाघटा रिकामं केलं. मी पदराने त्याचं तोंड पुसलं. बाहेर सोप्यात आत्याबाई होत्या. नुसतं 'प्यायलं' म्हटलं असतं तर पोर माझं होतं.

मी बाहेर येऊन म्हटलं, "न्हाई घेत. सांडून टाकलं सगळं."

तासाभराने फाट्यावर मोटार आली. वाटेत भूक लागेल म्हणून धाकटीने चढण्याआधी त्याला पदराखाली घेतलं. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. पोट टम्म भरलेलं होतं त्याचं. धाकटीने त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आत्याबाई शेजारीच उभ्या होत्या. ती वाकून आधी त्यांच्या आणि मग माझ्या पाया पडली, आणि माझ्या पायांवर अंमळ जास्तच वेळ राहिली.

सांगलीत तिने पुढे कितीतरी बायकांना खेळायला शिकवलं. पोरगा सुट्टीला यायचा, मला थोरली आई म्हणायचा, आणि दोन दिवसांत आईकडे जायचा हट्ट धरायचा. त्या दुपारी दूध पिताना त्याने माझं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. ते सोडवताना मला किती वेळ लागला, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.