बाकावरची उडी

“चढ बाकावर. डाव्या पायावर उडी मार. बघू दे सगळ्यांना, दुखतंय की नाटक.”

सर असं म्हणाले तेव्हा मैदानावर बारा जणी होत्या. सगळ्या माझ्या गुडघ्याकडे बघत होत्या. मी चढाईची खेळाडू. जुईनगरच्या क्लबची. पुढच्या आठवड्यात कबड्डीची जिल्हा निवड होती. निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. आमच्या गावात तोवर एकाही मुलीला नोकरी नव्हती.

पाच महिन्यांपूर्वी पकडीत माझा डावा गुडघा पिळला. आतून कट् आवाज आला. सर म्हणाले, “पाणी मार, ऊठ. तुमची मिठागरातली हाडं. तुम्हाला काय दुखतंय!” आमच्या गावातल्या बायका पिढ्यान्पिढ्या मिठागरात राबलेल्या, म्हणून मला ते कौतुक वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. त्याच पायावर मी आणखी दोन चढाया केल्या. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट फाटलंय.

प्लास्टर निघालं, भीती निघाली नाही. मध्यरेषा ओलांडली की ‘कबड्डी’ घशातच अडकायचं. कुणी घोट्याकडे झेपावलं की तोच कट् आवाज कानात यायचा. सर हसायचे. “हाडं लोखंडी, काळीज चिमणीचं!” म्हणजे आमच्या अंगाला दुखत नाही, आणि मनाला दुखलं तर ते मनच हलकं. दोन्हीकडून आम्हीच मेलो.

मी बाकावर चढले. वरून दिसलं. सावलीत खुर्चीवर आमच्याच क्लबातली, एका वकीलसाहेबांची मुलगी बसली होती. तिचं मनगट मुरगळलं होतं, तर सरांनी स्वतः बर्फ आणला, गाडीतून घरी सोडलं. तिला म्हणाले होते, “बेटा, घाई नको. मनाची तयारी होऊ दे.” तिला मन होतं. तिला कुणी बाकावर चढवलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. हे मैदान भरावाचं. त्या भरावाखाली माझी आई राबायची ते मिठागर गाडलेलं. आणि त्यावर उभं राहून मी यांना पुरावा द्यायचा?

मी बाक धरून हळूच खाली उतरले. उजव्या पायावर.

“दुखतंय सर. भीती पन वाटते. उडी नाय मारनार.”

“मग निवडीला नाव जाणार नाही.”

“नको जाऊ दे.”

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, नोकरी घालवली म्हणून शिव्या देईल. ती भेगाळलेल्या टाचांना तेल लावत होती. हात थांबला. “माज्या टाचा पन दुखतान,” ती म्हणाली. “मिठागरात होते तवापासून. कोनी इचारलाच नाय.”

माझ्या उभ्या जन्मात आईला ‘दुखतंय’ म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू नाही आलं. संताप आला. सरांचा आला, आणि त्यांच्या शाबासकीसाठी फाटक्या पायावर धावले म्हणून स्वतःचाही आला.

त्याच दिवशी ठरवलं. गुडघा बरा करायचा, माझ्या वेळेने. भीतीही जाईल तेव्हा जाईल. माझ्या दुखण्याचा पुरावा यापुढे कुणालाही मिळणार नाही. आणि त्या मैदानावर पुन्हा पाय ठेवेन तो सरांच्या संघाविरुद्ध चढाई करायलाच.