चकाकलेलं पातेलं

आमचे हे सोलापुरात यंत्रमागाच्या सुट्या भागांना जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात कामाला होते. लोखंडी बोल्ट तारेला बांधून औषधाच्या हौदात सोडायचे आणि वीज चालू करायची. जस्त चढलं की बोल्ट लवकर गंजत नसे.

तेव्हा आमच्या पितळी पातेल्याची आतली कल्हई उडाली होती आणि कल्हईवाला बरेच दिवस फिरकला नव्हता. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "लोकांचं लोखंड चांदीवानी करतोस, आन् आईचं पातेलं असंच व्हय रे?"

"आन हिकडं. कल्हईवाला लाजंल बघून."

कारखान्यात पातेल्यात तेच औषध भरून, त्यात जस्ताचा तुकडा टांगून ह्यांनी ते आतून चमकवून आणलं. सासूबाईंनी त्यात तोंड बघितलं, शेजारणींनाही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच त्यात चिंचेची आमटी करून ठेवली. दुपारी मायलेक जेवायला बसले.

"नाणं चोखल्यावानी लागतंय की," हे म्हणाले.

"खा गप. नवं भांडं हाय."

मी ताटं उचलतेय तोच सासूबाईंना उलटी झाली. मागोमाग हे मोरीकडे धावले. दोघं पोट धरून आडवे पडले. शेजारणी जमल्या. एकीने विचारलं, "तू बरी कशी गं?"

"मी अजून जेवले नाही."

सासूबाई कण्हत म्हणाल्या, "काय घातलंस आमटीत?" मी ह्यांच्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून ह्यांच्याआधी मी कधी घास घेतला नव्हता. तरी ह्यांनीच विचारलं, "तू का जेवली न्हाईस?"



डॉक्टर आले. त्यांनी पातेलं उजेडात धरलं. वरचा भाग चकाकत होता, आमटी होती तिथवरचा काळपट झाला होता. "आत काय लावलंय?" ह्यांनी सांगितलं. डॉक्टर ओरडलेच, "अहो, कल्हई कथलाची असते! आंबटाने जस्त उतरलं आणि तुमच्या पोटात गेलं."

हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळपर्यंत दोघांना उतार पडला.

दोन दिवसांनी सासूबाईंनी स्वतःच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं. "बस, तू बी जेव संगट." दारातली शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंस बाई!"

मी पहिला घास गिळला. तोवर सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या; त्यांनी आपल्या ताटाला हात लावला नव्हता.